एका फेरीत मत

मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी अलोंझो पेटवे सलूनकडे निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने, व्हर्नेलने, दारात उभं राहून तीन विषयांवर तोंड न उघडण्याचं वचन त्याच्याकडून पुन्हा एकदा घेतलं. राजकारण, काळं-गोरं आणि बास्केटबॉल. अलोंझोने विचारलं, मग बोलायला उरलं काय? व्हर्नेल म्हणाली, हवामान. आणि तेही जपून, कारण गेल्या खेपेला तो बर्फावरून सुरू झाला होता आणि महापौरापर्यंत जाऊन पोचला होता.

अलोंझोचं सलून मिलवॉकीच्या नॉर्थ साइडला, काळ्यांच्या वस्तीत आहे. कटिंग इतर चार ठिकाणी होते तशीच तिथेही होते, पण लोक येतात ते फेरीसाठी. फेरीची पद्धत अशी की दुकानात बसलेल्या कोणीही "लोन्झो, फेरी" म्हणून एक विषय टाकायचा. अलोंझोने पायाने खुर्चीला धक्का द्यायचा. खुर्ची गिऱ्हाइकासकट गोल फिरून पुन्हा आरशासमोर येईपर्यंत त्याने त्या विषयावर मत देऊन मोकळं व्हायचं. विचार करायला वेळ नाही आणि दिलेलं मत मागे घ्यायची सोय नाही. राष्ट्राध्यक्षापासून रेफरीपर्यंत अनेकांचा निकाल त्या खुर्चीवर लागला होता. दुकान उघडल्यापासून अलोंझोने एकही फेरी नाकारली नव्हती, आणि साठी उलटल्यावरही डोक्यावर टिकून असलेल्या दाट रुपेरी केसांइतकाच त्याला याचा अभिमान होता.

पंचाईत अशी झाली की खुर्ची दुकानात राहिली आणि सवय घरी आली. मुलीच्या, रेनिटाच्या, साखरपुड्याच्या जेवणाला अलोंझोने सूप संपायच्या आत निवडणूक, पोलीस, शाळा आणि संघाचा कोच अशी सगळी मतं एकापाठोपाठ एक वाढली. नवरामुलगा निल्स हालव्होर्सन गोरा, मूळच्या नॉर्वेच्या घराण्यातला, राज्याच्या उत्तरेकडच्या एका गावातला. त्याची आई सॉल्व्हेग हिने मध्येच काटा ताटात ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. निल्सचा बाप गॉर्डन बटाट्याकडे बघत राहिला. त्या रात्री रेनिटा घरी आली ती रडवेली होऊन.

"डॅडी, अजून एक मत दिलंस ना," ती म्हणाली, "तर चर्चमध्ये मला पर्सिव्हलमामा घेऊन जाईल."

पर्सिव्हल हा व्हर्नेलचा भाऊ. विमा विकायचा. त्याला आयुष्यात मत म्हणून कधी नव्हतंच. घराला आग लागली असती तरी तो "बघू या" म्हणाला असता. बापाचा तो मान जाऊन अशा माणसाच्या हातात हात घालून आपली पोरगी वेदीपर्यंत चालत जाणार, या कल्पनेने अलोंझोची झोप उडाली. तेव्हापासून तो घरात ओठ आवळून फिरत होता, आणि लग्नाच्या दिवसापर्यंत त्याच्या आत इतकी मतं साठली होती की बसलं तर उठावंसं वाटे आणि उठलं तर बसावंसं.

त्या दिवशी दुकान बंद ठेवायचं असंच ठरलं होतं. पण निल्स पडला मास्तर, त्याला दोन्ही घरांचं मनोमीलन घडवायची हौस. बाबांचे केस वाढलेत, तुम्हीच कापा ना, तेवढाच तुमचा दोघांचा निवांत वेळ जाईल, असं त्याने आदल्या दिवशी सुचवलं. नाही म्हटलं तर ते मत ठरलं असतं. अलोंझो हो म्हणाला.

तो दुकानात पोचला, तर दारात बॉयकिनकाका हजर. थॅडियस बॉयकिन आयुष्यभर शहरात बस चालवून निवृत्त झालेले, आणि आता भिंतीलगतच्या तिसऱ्या खुर्चीवर कायमचे. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. अलोंझोचं वचन सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि तो फुटतो कसा हे बघायलाच आपण आलोय, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

थोड्या वेळाने निल्सने बापाला आणून सोडलं आणि तो फुलवाल्याकडे गेला. गॉर्डन हालव्होर्सन सहा फुटांच्या वर उंच, हात फावड्याएवढे, सारा जन्म गायींच्या गोठ्यात गेलेला. दारात टोपी काढून तो म्हणाला, थंडी आहे. अलोंझो म्हणाला, हो, आहे. बॉयकिनकाका म्हणाले, काल जास्त होती. एवढ्यावर हवामान संपलं.

मग जी शांतता पसरली, ती त्या दुकानाने कधी पाहिली नव्हती. अलोंझो कात्री चालवत होता. समोर आरशाच्या वर टीव्ही लागलेला, आवाज बंद. पडद्यावर चार माणसं आदल्या रात्रीच्या सामन्यावर एकमेकांच्या अंगावर येत होती. शहराचा संघ एका गुणाने हरला होता, आणि तोही असा, की शेवटच्या काही सेकंदांत कोचने संघाच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात लाडक्या खेळाडूला, रुफस ट्रिपलेटला, बाहेर बोलावून बाकावर बसवलं आणि एका कोवळ्या पोराला आत पाठवलं. त्या पोराने चेंडू घालवला. अलोंझो पडद्याकडे बघायचा, मान झटकायचा, कात्री ठेवून फणी उचलायचा, फणी ठेवून पुन्हा कात्री उचलायचा. उगाचच त्याने तीनतीनदा टेबल पुसलं.

फोन वाजला. व्हर्नेल ब्यूटी पार्लरमधून बोलत होती, शेजारी रेनिटा बसलेली. दोन्ही हात कामात असले की अलोंझो फोनचा स्पीकर लावतो आणि फोन फण्यांच्या बरणीला टेकवून ठेवतो. आताही त्याने तेच केलं.

"कसं चाललंय?" व्हर्नेलने विचारलं.

"हवामानावर चाललंय."

"शाबास. तसंच चालू दे. थांब हं, माझ्या डोक्यावर पाणी ओततायत..." आणि तिचा आवाज पाण्यात गेला. अलोंझोने मशीन उचललं आणि फोनचं विसरून गेला.

आता फक्त मान साफ करायची राहिली होती. त्यासाठी मशीनची प्लॅस्टिकची फणी काढून नुसतं पातं लावावं लागतं, आणि ते पातं दिसेल त्याला जमीनदोस्त करतं. अलोंझोने गॉर्डनचं डोकं पुढे वाकवलं, पातं मानेवर टेकवलं. नेमक्या त्याच क्षणी बॉयकिनकाकांना कंटाळा आला आणि त्यांनी रिमोट उचलून आवाज मोठा केला. टीव्हीवरचा माणूस तारस्वरात सांगत होता की ट्रिपलेटला बसवणं हा या शहराचा अपमान आहे.

गॉर्डनने झटक्यात डोकं वर केलं, टीव्हीकडे बघायला.

डोकं मागे आलं, पातं वर गेलं. मानेपासून थेट टाळूपर्यंत दोन बोटं रुंदीचा एक सरळ, स्वच्छ रस्ता तयार झाला. अलोंझोने मशीन बंद केलं. जमिनीवर पिवळट पांढऱ्या केसांचा एक झुबका पडला होता, आणि तो परत जागेवर बसण्यासारखा नव्हता.

बॉयकिनकाका उठून आले. त्यांनी तो रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला आणि बस चालवलेल्या माणसाच्या अधिकाराने मान हलवली. अलोंझोने मनात हिशेब मांडला. साखरपुड्याला नुसती मतं दिली होती तर रेनिटा रडली होती. आता लग्नाच्या दिवशी त्याने तिच्या सासऱ्याचं डोकं नांगरलं होतं. मत निदान विसरता तरी येतं. हे फोटोत येणार होतं, पुढे नातवंडं ते बघणार होती, आणि वेदीपर्यंत पोरीला पर्सिव्हल घेऊन जाणार होता.

कटिंग झाली की मागे छोटा आरसा धरून दाखवायचा, ही रीत. अलोंझो आरसा हातात घेऊन उभाच राहिला. शेवटी त्याने तो धरला. गॉर्डनने पाहिलं, मान डावीकडे वळवून पाहिलं, मग उजवीकडे वळवून.

"चूक माझी आहे," अलोंझो म्हणाला.

"डोकं मी हलवलं," गॉर्डन म्हणाला. मग आरशातल्या रस्त्याकडे बघता बघताच म्हणाला, "पण तो टीव्हीवरचा माणूस मूर्ख आहे. कोचने केलं ते बरोबर केलं."

अलोंझोचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला. तीन आठवड्यांचं वचन, बायकोची तंबी, पोरीचे डोळे, सगळं त्याच्या नजरेसमोर उभं राहिलं. आणि मागून बॉयकिनकाका अगदी हळू आवाजात म्हणाले, "लोन्झो, फेरी. ट्रिपलेट."

अलोंझोने खुर्चीला लाथ मारली.

"या संघात काही नव्हतं तेव्हा तो माणूस होता," खुर्ची फिरायला लागली तसं तो बोलायला लागला, "हरत होतो तेव्हा होता, स्टेडियम रिकामं होतं तेव्हा होता. गुडघे गेले ते आपल्यासाठी गेले. आणि महत्त्वाची वेळ आली की त्यालाच टॉवेल देऊन बसवायचं, आणि ज्याने काही केलं नाही त्याला पुढे पाठवायचं?" शेवटाला त्याचा आवाज जरा कापला. ट्रिपलेटच्या जागी कोण आहे आणि कोवळ्या पोराच्या जागी पर्सिव्हल कसा आहे, हे बॉयकिनकाकांना कळलं, आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

खुर्ची आरशासमोर आली. गॉर्डनने आपणहून पाय टेकून ती परत फिरवली. म्हणजे त्यालाही मत द्यायचं होतं. ट्रिपलेट त्या वेळी पलीकडच्या बाजूला धावत गेला असता तर परत यायला त्याला मंगळवार उजाडला असता, असं तो म्हणाला. प्रेम वेगळं आणि बचाव वेगळा. अलोंझो म्हणाला, तुम्हाला बास्केटबॉल कळत नाही. गॉर्डन म्हणाला, मी गोठ्यात रेडिओ लावून प्रत्येक सामना ऐकलाय, गायींना विचारा. आणि हेही सांगून टाकलं की त्यालाही घरून सक्त ताकीद होती, तेच तीन विषय, त्याच क्रमाने.

मग काय, धरण फुटलं. राजकारणाची फेरी झाली. निवडणूक जवळ आली की उमेदवारांना एकाएकी केस वाढल्याची जाणीव होते, ते कॅमेरे घेऊन या दुकानात येतात आणि फोटो काढून निघून जातात, असं अलोंझो म्हणाला. गॉर्डनने विचारलं, गेल्या वेळचा तो जबडा पुढे आलेला इथे आला होता का? आला होता.

"केस कापले त्याने?"

"छे. नुसता खुर्चीत बसला."

"आमच्याकडे गायीशेजारी बसला होता," गॉर्डन म्हणाला. "दूध काढलं नाही."

त्या माणसाबद्दल दोघांचं एकमत झालं, आणि तो कुठल्या पक्षाचा हे दोघांनीही सौजन्याने टाळलं. मग बॉयकिनकाकांनी, जणू ताटात मीठ वाढावं इतक्या सहज, तिसरा विषय टाकला. या वेळी अलोंझोने खुर्ची जरा हळू ढकलली.

"कॉमेंट्री ऐका कधीतरी," तो म्हणाला. "आमचा पोरगा बास्केट करतो, तेव्हा तो जन्मजात. आईच्या पोटातून उडी मारतच बाहेर आला. तुमचा पोरगा करतो, तेव्हा तो हुशार. आणि तुमच्या पोराला काहीच येत नसेल ना, तर तो मेहनती. मी माझा सगळा जन्म ऐकतोय. मेहनती म्हटलं की समजायचं, गोरा आहे आणि हळू आहे."

 खुर्ची फिरून आली आणि थांबली.

"आमच्या निल्सला कोच मेहनती म्हणायचा," गॉर्डन म्हणाला. "सगळ्या संघात हळू होता. आणि मेहनत त्याने कधी केली नाही."

बॉयकिनकाका इतके हसले की त्यांना धरून बसवावं लागलं. अलोंझोही हसला, आणि हसता हसता त्याच्या तोंडून ते बाहेर पडलं जे कुठल्याच फेरीत बसत नव्हतं. तुमच्या घरात कोणी बोलत नाही, तो म्हणाला. साखरपुड्याला मी एवढा बोललो, कारण तुम्ही सगळे गप्प होतात आणि मला धडकी भरली. "माझी पोरगी डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत बोलते. ती तुमच्यात काय करणार?"

गॉर्डनने गळ्याभोवतीचा कपडा सारखा केला. सॉल्व्हेग त्या दिवशी रागावली नव्हती, तो म्हणाला. ती घाबरली होती. काहीही बोललं तरी ते चुकेल, आणि सून आयुष्यभर लक्षात ठेवेल, असं तिला वाटलं. म्हणून तिने काटा खाली ठेवला. "आणि निल्स ऐकतो," तो म्हणाला. "तेवढं एक त्याला फार चांगलं येतं."

 अलोंझोने नाक पुसलं आणि सगळे जण पुन्हा डोक्याकडे वळले.

बॉयकिनकाकांची सूचना होती की रस्त्याच्या बाजूने ट्रिपलेटच्या जर्सीचा आकडा कोरून टाकावा. चूक झाली की नक्षी करायची, हा या धंद्यातला जुना उपाय. पण गॉर्डनचे केस इतके विरळ होते की नक्षी म्हणजे कसर लागल्यासारखी दिसली असती. उरला एकच मार्ग, सगळंच काढून टाकणं. अलोंझोने मशीन उचललं, तसे काका पुढे झाले.

"थांब. विचार कर," ते म्हणाले. "एवढा उंच, गोरा, उत्तरेकडच्या खेड्यातला, आणि डोकं तुळतुळीत. आपल्या लोकांनी असे गडी टीव्हीवरच पाहिलेत, काळ्यांविरुद्धच्या मोर्चात हातात मशाली घेतलेले. ओडेसाआत्या पहिल्या रांगेत बसणार आहे. ती पोलिसांना फोन करेल."

गॉर्डनच्या लक्षात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्याचा चेहरा होता त्याहून पांढरा झाला. मी तसा दिसेन का, त्याने विचारलं. तुम्ही नाही, काका म्हणाले, तुमचं डोकं.

अलोंझो दुकानात येरझाऱ्या घालायला लागला. दारापर्यंत जायचा, परत यायचा. तिसऱ्या खेपेला तो आरशासमोर थांबला आणि आपल्या रुपेरी केसांकडे त्याने एकदा डोळे भरून पाहिलं. एक टकला उभा राहिला तर लोक अर्थ लावतात, तो म्हणाला. दोन टकले शेजारी शेजारी उभे राहिले, एक काळा आणि एक गोरा, तर लोकांना वाटेल ठरवून केलंय. त्याने गॉर्डनचं डोकं पूर्ण साफ केलं, मग स्वतः खुर्चीत बसला आणि मशीन काकांपुढे धरलं. काकांचे हात कापत होते. मशीन गॉर्डनने घेतलं, आणि ज्या सराईतपणे त्याने ते अंगठ्याने चालू केलं, ते पाहून अलोंझो चमकला.

"कुठे शिकलात?"

"गायींवर. जत्रेत दाखवायच्या आधी त्यांची..." गॉर्डन मध्येच थांबला. आपण काय बोललो हे त्याला कळलं, आणि त्याचे कान लाल झाले. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

अलोंझोने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. 

"बक्षीस मिळालं होतं?" त्याने विचारलं.

"पहिलं. दोनदा."

"मग चालवा," अलोंझो म्हणाला. "पण व्हर्नेलला सांगताना गायींचा उल्लेख नको."

इथपर्यंत गोष्ट चौघांतच, म्हणजे तीन माणसं आणि एक आरसा यांच्यातच, राहिली असती. पण गॉर्डनला न्यायला त्याचे दोघे भाऊ आले. त्यांनी दारातून दोन तुळतुळीत व्याही पाहिले आणि ते एकमेकांकडे बघायला लागले. सॉल्व्हेगने आपल्या सगळ्या मंडळींना बजावून ठेवलं होतं की त्यांच्याकडे जी काही पद्धत असेल ती आपण पाळायची आणि प्रश्न विचारायचा नाही. मोठ्या भावाने टोपी काढली आणि मुकाट्याने खुर्चीत बसला. अलोंझो समजावून सांगायला गेला, तर तो म्हणाला, आम्हाला आनंदच आहे. पाठोपाठ धाकटा बसला. मग निल्स आला. त्याने बापाला, दोन्ही चुलत्यांना आणि सासऱ्याला पाहिलं आणि म्हणाला, मला कोणी आधी सांगितलं नाही, आणि जाकीट काढायला लागला. बोलण्यात हयात घालवलेल्या अलोंझोला त्या मंडळींच्या सौजन्यापुढे एक शब्द मध्ये घालता येईना. शेवटी अलोंझोला उशीर का होतोय हे बघायला पर्सिव्हल आला. त्याने ओळीने सगळी डोकी पाहिली.

"बघू या," तो म्हणाला, आणि बसला.

दुपारी चर्चमध्ये उजवीकडच्या बाकांवर हालव्होर्सन पुरुष ओळीने चकाकत होते. ही नवरीकडची पद्धत आहे आणि आपण ती नीट पार पाडली, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. डावीकडे पेटवे मंडळी त्यांच्याकडे चोरून बघत होती. ओडेसाआत्याने शेजारणीला सांगितलं की हे नॉर्वेच्या लोकांचं काहीतरी धार्मिक असतं, बघत राहू नकोस, त्यांना वाईट वाटेल. दोन्ही बाजू एकमेकांना इतक्या आदराने वागवत होत्या की कोणी कोणाला काही विचारलं नाही.

अलोंझो मागच्या दारातून दालनात शिरला आणि जागच्या जागी थांबला. पांढऱ्या पोशाखात रेनिटा उभी होती. तिच्या एका बाजूला पर्सिव्हल होता, फूल लावून, डोकं चमकवत. दुसऱ्या बाजूला व्हर्नेल होती, आणि तिच्या हातात फोन होता.

"तू बंद करायला विसरलास," व्हर्नेल म्हणाली. "माझं डोकं धुऊन झालं तरी चालू होता. सगळ्या पार्लरने ऐकलं."

अलोंझोने मोकळ्या डोक्यावरून हात फिरवला. तिथे आता धरायला काही नव्हतं. त्याने कसलीही सबब सांगितली नाही. मी पर्सिव्हलच्या मागच्या बाकावर बसेन, एवढंच तो म्हणाला, आणि वळला.

"राजकारण बोललास," रेनिटा म्हणाली. "काळं-गोरं बोललास. ट्रिपलेटवर तर रडायचाच बाकी होतास."

"हो."

"मामा," ती पर्सिव्हलकडे वळून म्हणाली, "तुम्ही जाऊन बसा."

पर्सिव्हल काही म्हणायच्या आत व्हर्नेल त्याला आत घेऊन गेली. रेनिटाने बापाचा हात ओढून आपल्या हातात अडकवला.

"मी तो कोच नाही, डॅडी," ती म्हणाली. आणि मग ऑर्गन सुरू झाला.

अलोंझोला समोरचं नीट दिसत नव्हतं, पण तो चालत होता. अर्ध्या वाटेवर रेनिटा त्याच्याकडे झुकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "फेरी. वेदीपर्यंत. विषय निल्स."

अलोंझोने समोर पाहिलं. वेदीजवळ निल्स उभा होता. त्याचे कान केसांवाचून दोन्हीकडे उघडे पडले होते, आणि तो रेनिटाकडे असा बघत होता, जणू ती आत्ताच काहीतरी बोलणार आहे आणि त्यातला एकही शब्द त्याला चुकवायचा नाही. सगळी वाट अलोंझोने विचारात घालवली. फेरीत विचार करायची परवानगी नसते, पण हे त्या दिवशी कोणी काढलं नाही. शेवटच्या पायरीशी पोचल्यावर त्याने पोरीचा हात निल्सच्या हातात दिला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मत दिलं.

"मेहनती आहे."

रेनिटा इतकी हसली की तिला फुलं तोंडावर धरावी लागली. पहिल्या रांगेत गॉर्डनचे खांदे हलायला लागले, आणि सॉल्व्हेगने काय झालं म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, बास्केटबॉल. निल्स मात्र गंभीर होता. त्याचे उघडे कान हळूहळू लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने सासऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"थँक यू, सर," तो म्हणाला. "मी आणखी करीन."